बूस्टवर ताबा कसा मिळवावा: जुन्या डब्ल्यूआरएक्सवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

जुनी सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स कारखान्यातून निघाली तशीच आज मिळणे दुर्मीळ आहे. अमेरिकेत २००२ ते २००५ या मॉडेल-वर्षांत विकल्या गेलेल्या दोन लिटरच्या गाड्या आतापर्यंत अनेक मालकांच्या हातांतून गेलेल्या असतात आणि प्रत्येकाने आपापल्या हौसेप्रमाणे त्यांत काहीतरी बदललेले असते. कुणी टर्बोपासून सायलेन्सरपर्यंतचा पाइप मोठा केलेला असतो, कुणी इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला, म्हणजे ईसीयूमधला मॅप (आकड्यांचे तक्ते) बदललेला असतो, तर कुणी बॉनेटखाली स्क्रूने फिरवायचा एक छोटा पितळी व्हॉल्व्ह बसवून, त्याबद्दल अवाक्षर न काढता गाडी विकलेली असते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आपल्याकडच्या तरुणांना ही गाडी परवडते आणि चारही चाकांना ओढ असल्यामुळे बर्फातही सोयीची वाटते. पण बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, दाखवणाऱ्या गेजचा काटा आज १२ वर आणि उद्या १८ वर गेलेला दिसला, की यातले कशावर विश्वास ठेवावा हे नव्या मालकाला कळेनासे होते. हा लेख अशा मालकासाठी आहे. हातात पाना धरता येतो, तेल आणि प्लग स्वतः बदलले आहेत, पण टर्बोच्या नळ्यांना अजून हात लावलेला नाही, एवढी तयारी मी गृहीत धरतो.

उदाहरण म्हणून हीच गाडी निवडण्याचे कारण असे, की तिची बूस्टची यंत्रणा साधी असून बॉनेट उघडल्यावर बरीचशी डोळ्यांना दिसते आणि तिच्या ईसीयूमधील तक्ते हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे खपून उलगडून ठेवले आहेत. तत्त्वे मात्र इतर टर्बो पेट्रोल गाड्यांनाही लागू पडतात.

आधी यंत्रणा समजून घ्यावी

इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू टर्बाइनचे चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले कंप्रेसरचे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, जास्त इंधन म्हणजे जास्त तप्त वायू, आणि जास्त वायू म्हणजे टर्बो आणखी वेगाने फिरणार. हे चक्र स्वतःलाच वाढवत नेणारे आहे. त्याला आवर घालण्यासाठी टर्बाइनच्या आधी एक आडवाट ठेवलेली असते, आणि तिच्यावरच्या झडपेला वेस्टगेट म्हणतात. झडप उघडली, की काही वायू टर्बाइनला वळसा घालून सरळ पाइपात जातो आणि टर्बोचा वेग आवरतो.

ही झडप उघडण्याचे काम अ‍ॅक्च्युएटर करतो. पत्र्याच्या एका डबीत रबरी पडदा आणि त्यामागे स्प्रिंग, एवढीच त्याची रचना असते. कंप्रेसरच्या तोंडाशी असलेल्या निपलपासून एक नळी या डबीपर्यंत येते. नळीतल्या दाबाने स्प्रिंगवर मात केली, की दांडा पुढे सरकतो आणि झडप उघडते. या गाडीवरील मित्सुबिशी बनावटीच्या टीडी०४ टर्बोत मूळ स्प्रिंग सात-आठ पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पाउंड, हे दाबाचे एकक) आसपास झडप हलवू लागते, आणि कारखान्याने ठरवलेला कमाल बूस्ट मात्र सुमारे १४ पीएसआय, म्हणजे एका बारच्या किंचित खाली असतो. मधला फरक ईसीयू भरून काढतो. एका सोलेनॉइडच्या (विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपेच्या) साहाय्याने तो नळीतला थोडा दाब परत टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपात सोडून देतो, त्यामुळे डबीपर्यंत खऱ्यापेक्षा कमी दाब पोचतो आणि झडप उशिरा उघडते. थोडक्यात, बूस्ट कंट्रोलर कोणताही असो, पितळी असो वा संगणकीय, तो वेस्टगेटला फसवण्याचेच काम करतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या पाठ असाव्यात. पहिली म्हणजे स्प्रिंगच्या दाबाखाली बूस्ट आणणे कोणत्याही कंट्रोलरला जमत नाही. स्प्रिंग हा तळ आहे. दुसरी गोष्ट नवख्यांना नेहमी उलटी वाटते. डबीकडे जाणारी नळी निसटली किंवा फाटली, तर बूस्ट कमी होत नाही, तर बेलगाम वाढत जातो, कारण झडपेला उघडण्याचा निरोपच मिळत नाही. या एका नळीवर बसवलेली क्लिप दीड-दोन डॉलरची असते, आणि तिच्यावर सबंध इंजिन अवलंबून असते.

पहिली पायरी: गाडीची तब्येत आणि कायदा

बूस्टला हात लावण्यापूर्वी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आकड्यांपेक्षा चौघांमधील सारखेपणा महत्त्वाचा; एखादा सिलिंडर इतरांपेक्षा ठळकपणे मागे असेल, तर पुढचे सगळे काम थांबवावे. टर्बोच्या इनटेक पाइपात हात घालून दांडा हलवून पाहावा. आडवा किंचित खेळ चालतो, पण चाक घराच्या भिंतीला टेकता कामा नये आणि आत-बाहेर खेळ जाणवता कामा नये. याच गाड्यांत इंजिनातला तप्त वायू टर्बोकडे नेणाऱ्या पाइपात, म्हणजे अप-पाइपमध्ये, एक छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. म्हातारपणी तो आतून ढासळला, की त्याचे तुकडे सरळ टर्बाइनच्या पात्यांवर जातात, म्हणून त्याचीही अवस्था जाणून घ्यावी.

यानंतर हवेची गळती शोधावी, आणि या कामाला मी सर्वांत जास्त वेळ देतो. टर्बोच्या तोंडावर झाकण बसवून त्यातून गॅरेजमधल्या एअर-कंप्रेसरची हवा हलक्या हाताने १०-१२ पीएसआयपर्यंत भरावी आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे. या गाडीत टर्बोने तापवलेली हवा गार करणारा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसतो. त्याचे टर्बोशी होणारे रबरी जोड, तसेच त्याच्यावरच बोल्टने बसवलेल्या बायपास व्हॉल्व्हची गॅस्केट, या नेहमीच्या दुखऱ्या जागा आहेत. गळती असलेल्या गाडीत ईसीयू बूस्ट गाठण्यासाठी टर्बोला अधिकाधिक पळवत राहतो. गेजवर सगळे ठीक दिसते आणि टर्बो मात्र आतून झिजत असतो. शिवाय या इंजिनात आत येणारी हवा टर्बोच्या आधीच मोजली जाते, त्यामुळे मोजलेली हवा वाटेत गळाली तर इंधनाचे प्रमाणही चुकते.

कायद्याचे दोन शब्द इथेच सांगून टाकतो. अमेरिकेत क्लीन एअर अ‍ॅक्टनुसार प्रदूषण रोखणारी उपकरणे काढणे किंवा निकामी करणे बेकायदा आहे, आणि कॅलिफोर्नियात सुटे भाग बसवतानाही त्यांना राज्याची मान्यता आहे का ते पाहावे लागते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ मूळ बनावटीपासून दूर जाणाऱ्या फेरफारांवर बंधने घालते. विमा कंपनीचा प्रश्न दोन्हीकडे वेगळाच.

दुसरी पायरी: मोजमाप

मोजल्याशिवाय बूस्ट बदलू नये. चांगल्या प्रतीचा बूस्ट गेज थ्रॉटलनंतरच्या इनटेक मॅनिफोल्डवरून जोडावा, कारण इंजिनाला प्रत्यक्ष मिळणारा दाब तिथेच कळतो. गेजचा काटा तुम्हाला क्षणाचे चित्र देतो, पण खरी माहिती लॉगमध्ये असते. गाडीच्या निदानाच्या सॉकेटला केबल जोडून लॅपटॉपवर इंजिनाचे फेरे (आरपीएम), थ्रॉटल, मॅनिफोल्डचा दाब, वेस्टगेटची ड्यूटी (सोलेनॉइड वेळेच्या किती टक्के चालू आहे), प्रज्वलनाचा कोन (ठिणगी केव्हा पडते), नॉकची (मिश्रण आपोआप भडकण्याची) दुरुस्ती, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि इंजेक्टरची ड्यूटी यांची नोंद करावी. यासाठी रॉमरेडरसारखी मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. हवा आणि इंधन यांचे प्रमाण पाहण्यासाठी स्वतंत्र वाइडबँड सेन्सर बसवावा. पूर्ण थ्रॉटलवर टर्बो पेट्रोल इंजिने मुद्दाम एक भाग इंधनाला सुमारे ११ भाग हवा अशा समृद्ध मिश्रणावर चालवली जातात, आणि मूळ सेन्सरची नजर तिथवर नीट पोचत नाही.

दाबाचे एकक एकच ठरवून घ्यावे. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय किंवा १०० किलोपास्कल. गेजवर दिसणारा आकडा बाहेरच्या हवेच्या वरचा असतो, तर ईसीयूमधील काही तक्त्यांत निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरची हवा धरून, लिहिलेला असतो. हा घोळ वाटतो तितका क्षुल्लक नाही, कारण निरपेक्ष दाबाच्या तक्त्यात गेजवरचा आकडा भरला तर वायुमंडलाचा सबंध दाब हिशेबातून निसटतो. उलट गोंधळ तर त्याहून महागात पडतो.

तिसरी पायरी: तळ शोधणे

आता सोलेनॉइडचा विजेचा प्लग काढावा. डब्ल्यूआरएक्समध्ये असे केल्याने डॅशबोर्डवरचा ‘चेक इंजिन’ दिवा लागेल, पण त्याची काळजी नको. नंतर कोड पुसता येतो. आता बूस्ट फक्त स्प्रिंग ठरवते. इंजिन पूर्ण तापल्यावर बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (चाके रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तिसऱ्या गिअरमध्ये २५०० फेऱ्यांपासून पूर्ण थ्रॉटल देऊन लॉग घ्यावा. सार्वजनिक रस्त्यावर हे काम करू नये. अपघाताचा धोका तर आहेच, पण आकड्यांवर नजर ठेवणाऱ्याने रस्त्यावर नजर ठेवावी ही अपेक्षाही चुकीची आहे.

लॉगमध्ये दाब सात-आठ पीएसआयवर जाऊन स्थिर राहिला, तर पाया पक्का आहे. दाब फेऱ्यांबरोबर हळूहळू वर सरकत ९, १०, १२ असा चढत गेला, तर त्याला बूस्ट क्रीप म्हणतात. झडप पूर्ण उघडूनही आडवाटेतून पुरेसा वायू जात नाही, असा त्याचा अर्थ. टर्बोच्या पुढचा पाइप मोठा आणि मोकळा केला, की टर्बाइनमागचा अडथळा कमी होतो आणि लहान भोकाच्या मूळ वेस्टगेटची क्षमता अपुरी पडू लागते. थंड हवेत हे आणखी वाढते. क्रीपवर कोणत्याही कंट्रोलरचा उपाय चालत नाही, कारण कंट्रोलर झडप अधिक उशिरा उघडू शकतो, भोक मोठे करू शकत नाही. टर्बो उतरवून वेस्टगेटचे भोक कोरून मोठे करणे, किंवा पाइप थोडा कमी मोकळा ठेवणे, हेच खरे उपाय. अनेकांनी क्रीप असताना महागडे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवले आणि मग कंट्रोलरला दोष दिला, असे मी पाहिले आहे.

उलट दाब चार-पाचवरच अडला, तर झडप नीट बंद होत नाही, स्प्रिंग थकली आहे किंवा कुठेतरी गळती राहिली आहे. अ‍ॅक्च्युएटर तपासण्यासाठी रेग्युलेटर लावलेली हवा डबीला द्यावी आणि दांडा किती दाबावर हलू लागतो ते पाहावे. दिलेली हवा डबीत टिकून राहिली पाहिजे. फुसफुस ऐकू आली तर पडदा फाटला आहे.

चौथी पायरी: नळ्या आणि सोलेनॉइड

मूळ रचनेत कंप्रेसरपासून निघालेली नळी एका टी-जोडाने दोन फाट्यांत विभागली जाते. एक फाटा डबीकडे जातो, दुसरा सोलेनॉइडमार्गे इनटेक पाइपात. कंप्रेसर आणि टी-जोड यांच्यामधील नळीत एक छोटी, बारीक भोकाची गोळी दडवलेली असते, आणि सगळी गोम तिच्यात आहे. ती येणारा दाब रोखून धरते, म्हणूनच सोलेनॉइडने सोडलेला थोडा दाबही परिणामकारक ठरतो. मळकट रबरी नळ्या काढून चकचकीत सिलिकॉनच्या नळ्या घालताना ही गोळी जुन्या नळीबरोबर कचऱ्यात जाते आणि मग ईसीयूने कितीही जोर लावला तरी बूस्ट स्प्रिंगच्या आसपासच घुटमळतो. याउलट गोळीचे भोक गरजेपेक्षा बारीक असेल, तर डबीला दाबच मिळेनासा होतो आणि बूस्ट उडी मारतो. म्हणून नळ्या बदलायच्या असतील तर आधी फोटो काढावा, मग एक एक नळी बदलावी.

बदल करायचाच असेल तर पर्याय तीन. पहिला म्हणजे हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह, ज्यात छर्रा आणि स्प्रिंगची रचना असते आणि ठरावीक दाबाखाली डबीला निरोपच जात नाही. तो स्वस्त आहे, बूस्ट झटकन उभा करतो आणि समजायला सोपा आहे. पण या गाडीत तो बसवला की ईसीयूच्या हातातून सूत्रे जातात. इंजिन थंड असताना बूस्ट कमी ठेवणे, उंचीवर तो आवरणे, नॉक ऐकू आल्यावर माघार घेणे, हे सगळे शहाणपण बाजूला पडते, आणि स्क्रू मात्र हिवाळ्यातही उन्हाळ्याच्याच जागी असतो. संगणक नसलेल्या जुन्या गाडीसाठी तो योग्य. डब्ल्यूआरएक्ससाठी माझी शिफारस नाही. दुसरा पर्याय म्हणजे डॅशबोर्डवर बसणारा स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. जपानी कंपन्यांनी हे उत्तम बनवले, पण त्यातही ईसीयू आणि कंट्रोलर यांचे दोन वेगळे संसार होतात. तिसरा पर्याय, म्हणजे मूळ दोन तोंडी सोलेनॉइडच्या जागी तीन तोंडी सोलेनॉइड बसवून नियंत्रण ईसीयूकडेच ठेवणे, हा मला सर्वांत शहाणा वाटतो.

तीन तोंडी सोलेनॉइड दाब नुसता झिरपवत नाही, तर कंप्रेसर आणि डबी यांच्यामधील वाटच आळीपाळीने जोडतो व तोडतो. त्यामुळे त्याची पकड मोठी असते आणि नळीतली ती बारीक भोकाची गोळी आता काढून टाकावी लागते. जोडणी करताना एकच नियम पाळावा: वीज नसताना कंप्रेसरचा दाब थेट डबीला पोचला पाहिजे. म्हणजे तार तुटली, फ्यूज उडाला, तरी गाडी स्प्रिंगच्या तळावर येते. तोंडांवरील आकडे उत्पादकानुसार वेगळे असतात, म्हणून पुस्तिकेवर विसंबून न राहता फुंकून पाहावे. वीज न देता कंप्रेसरच्या तोंडातून फुंकले असता हवा डबीच्या तोंडातून यावी. १२ व्होल्ट दिल्यावर ती वाट बंद होऊन डबीचे तोंड तिसऱ्या तोंडाशी जोडले जावे. पहिल्यांदा हे काम करताना मी दोन तोंडे उलट जोडली होती आणि वाचलो तो केवळ फुंकून पाहिल्यामुळे. नळ्या शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात, कारण लांब नळीत निरोप उशिरा पोचतो आणि बूस्ट ठरल्यापेक्षा वर उसळतो. त्या टर्बोच्या गरम घराला चिकटू नयेत आणि प्रत्येक टोकाला क्लिप असावी.

पुन्हा सोलेनॉइडचा प्लग काढून एक लॉग घ्यावा. आकडा तिसऱ्या पायरीत मिळालेल्या तळाएवढाच यायला हवा. नसेल, तर पुढे जाऊ नये.

पाचवी पायरी: किती बूस्ट, आणि का

इथे बहुतेकजण चुकतात, कारण बूस्ट हा आकडा मिरवायचा होऊन बसतो. दाब म्हणजे हवा नव्हे. हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा विरळ असते. हिशेब करून पाहा: ३० अंश सेल्सियस तापमानाची हवा दुप्पट निरपेक्ष दाबापर्यंत दाबली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १२५ अंशांवर जाते, कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरली तर सुमारे १४० अंशांवर. इंटरकूलर यातील काही उष्णता काढतो, सगळी नाही. टीडी०४ हा लहान टर्बो आहे. मधल्या फेऱ्यांत तो १६-१७ पीएसआय आनंदाने देतो, पण ६००० फेऱ्यांच्या पुढे त्याची दमछाक होते, आणि तिथे १२-१३ च्या वर हट्टाने ढकलले तर हाती फक्त गरम हवा लागते. कारखान्याच्या मॅपमध्येही वरच्या फेऱ्यांत बूस्ट मुद्दाम उतरता ठेवलेला असतो. म्हणून एक आकडा न ठरवता फेऱ्यांनुसार उतरणारी रेषा ठरवावी.

दुसरी मर्यादा इंधनाची. मिश्रण ठिणगीने पेटून शांतपणे जळण्याऐवजी दाब आणि उष्णतेमुळे कोपऱ्यात आपोआप भडकले, की त्याला नॉक म्हणतात. टर्बो इंजिनाचे पिस्टन बहुधा यातच जातात. ऑक्टेन जितके जास्त तितका नॉकला प्रतिकार जास्त. अमेरिकेतील पंपावर लिहिलेला आकडा दोन पद्धतींच्या मोजमापांची सरासरी असतो, आणि भारतातील पंपांवरचा आकडा आरओएन या एकाच पद्धतीचा असतो. त्यामुळे तिकडचे ९१ हे आपल्याकडच्या ९१ एवढे नसून साधारण ९५-९६ च्या जवळचे आहे. कोलोरॅडो किंवा कॅलिफोर्नियात सर्रास ९१ मिळते, पूर्वेकडील अनेक राज्यांत ९३. ९३ साठी बनवलेला मॅप ९१ वर चालवू नये.

नॉक ऐकून बूस्ट आवरण्याची कल्पना नवी नाही. स्वीडनच्या साबने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नॉक सेन्सरच्या निरोपावरून सोलेनॉइड चालवणारी यंत्रणा विक्रीच्या गाड्यांत बसवली होती. आपण आज करतो ते तिचेच सुधारलेले रूप आहे.

सहावी पायरी: तक्ते भरणे

ईसीयूमध्ये मुख्यतः तीन गोष्टी पाहायच्या असतात. लक्ष्य बूस्टचा तक्ता, आरंभीच्या ड्यूटीचा तक्ता, आणि प्रत्यक्ष व लक्ष्य यांतील फरक पाहून ड्यूटी कमी-जास्त करणारी दुरुस्ती. ड्यूटी म्हणजे सोलेनॉइड वेळेच्या किती टक्के चालू राहतो ते. नेहमीच्या जोडणीत ड्यूटी जास्त म्हणजे बूस्ट जास्त. शिवाय कमाल ड्यूटीची मर्यादा आणि ठरावीक दाबावर इंधन तोडणारी सुरक्षा यांचेही तक्ते असतात.

सुरुवातीला दुरुस्तीचे तक्ते शून्य करावेत, म्हणजे आपण भरलेली ड्यूटीच फक्त काम करते आणि तिचा परिणाम निर्भेळ दिसतो. तीन तोंडी सोलेनॉइड बसवल्यावर जुन्या ड्यूटीचे आकडे निरुपयोगी ठरतात, कारण तेवढ्याच ड्यूटीत बूस्ट बराच जास्त येतो. म्हणून शून्यापासून सुरू करून दर वेळी पाच टक्क्यांनी वाढवत जावे. प्रत्येक वाढीनंतर एक लॉग घ्यावा, तो शांत बसून वाचावा आणि मगच पुढचा आकडा भरावा. इंधन तोडण्याची मर्यादा लक्ष्यापेक्षा दीड-दोन पीएसआय वर ठेवावी. ती काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्या माणसाला आपली गाडी देऊ नये. तसेच मॅनिफोल्डचा मूळ सेन्सर तेवढा दाब वाचू शकतो याची खात्री करावी, कारण सेन्सरच्या कमाल आकड्यापलीकडे ईसीयू आंधळा असतो.

ड्यूटी एवढी जुळवावी, की दुरुस्तीशिवायच बूस्ट लक्ष्याच्या अर्ध्या-एक पीएसआयच्या आत यावा. मगच दुरुस्तीचे तक्ते पुन्हा चालू करावेत, तेही मूळ आकड्यांच्या निम्म्याने. दुरुस्ती फार तिखट असेल तर काटा १५, १३, १६, १३ असा हेलकावे घेतो. फार मवाळ असेल तर लक्ष्य गाठायला उशीर होतो. बूस्ट उभा राहताना क्षणभर वर उसळून खाली येत असेल, तर दुरुस्ती न बदलता त्याआधीच्या फेऱ्यांतील आरंभीची ड्यूटी कमी करावी. वरच्या फेऱ्यांत ड्यूटी वाढवूनही दाब वाढेना, तर टर्बोची मर्यादा आली असे समजावे.

प्रत्येक लॉगमध्ये बूस्टच्याही आधी नॉकचा रकाना पाहावा. २००२ ते २००५ च्या या ईसीयूमध्ये प्रज्वलनाच्या विश्वासाचा एक गुणक असतो, तो सुदृढ गाडीत १६ असतो. तो १६ वरून घसरला किंवा पूर्ण थ्रॉटलवर कोन वारंवार मागे घेतला जात असेल, तर बूस्ट एक-दोन पीएसआय उतरवून कारण शोधावे. जुने प्लग, जुने पेट्रोल, गळका पाइप, पातळ मिश्रण, यांपैकी काहीतरी सापडतेच. इंजेक्टरची ड्यूटी ८५-९० टक्क्यांपर्यंत पोचली असेल, तर इंधनाची राखीव क्षमता संपली आहे आणि मोठे इंजेक्टर बसवल्याशिवाय बूस्ट वाढवू नये. बूस्ट वाढवून प्रज्वलनाचा कोन तसाच ठेवणे ही तर नवख्यांची हमखास चूक. अनुभवी ट्यूनरकडून निदान एकदा कोनाचे तक्ते तपासून घ्यावेत. त्याची फी इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षा नेहमीच कमी असते.

उंची आणि हिवाळा

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही सुमारे अडीचशे मीटर वर. तिथे हवेचा दाब सुमारे १२.१ पीएसआय असतो, समुद्रकाठी १४.७. गेजवर १४ पीएसआय दाखवण्यासाठी समुद्रकाठच्या टर्बोला हवा १.९५ पट दाबावी लागते; डेन्व्हरच्या टर्बोला २.१६ पट. तोच आकडा गाठताना डेन्व्हरचा टर्बो अधिक वेगाने फिरतो आणि हवा अधिक तापवतो, तरीही इंजिनाला मिळणारी हवा कमीच असते. म्हणूनच सुबारूने बाहेरच्या हवेच्या दाबाप्रमाणे लक्ष्य बूस्ट उतरवणारा तक्ता ठेवलेला आहे, आणि तो हौसेने सपाट करू नये. थंडीचे उलट आहे. हवा दाट असल्याने त्याच ड्यूटीत बूस्ट एखाद-दोन पीएसआय वर जाऊ शकतो, म्हणून ऑगस्टमध्ये जुळवलेल्या गाडीचा एक लॉग डिसेंबरमध्ये पुन्हा घ्यावा.

डेन्व्हरमध्ये ट्यून केलेली गाडी घेऊन पूर्वेकडे कॅन्ससच्या सखल भागात उतरणाऱ्याने हे दोन्ही हिशेब एकत्र लक्षात ठेवावेत. तेवढ्याच ड्यूटीत खाली बूस्ट जास्त येतो, आणि तेवढ्याच बूस्टमध्ये निरपेक्ष दाब जास्त असतो, त्यामुळे डोंगरावर कधीच न वापरले गेलेले तक्त्यांचे कोपरे इंजिन प्रथमच वापरू लागते. अशा प्रवासाला निघताना लॅपटॉप बरोबर असावा, खाली पोचल्यावर पहिली टाकी शक्य असेल तर ९३ ची भरावी, नवा लॉग घेऊन वाचेपर्यंत पूर्ण थ्रॉटल टाळावा, आणि मुक्कामी इंजिन निवल्यावर बॉनेट उघडून वेस्टगेटच्या नळीची दोन्ही टोके हाताने ओढून पाहावीत.